ओटीत दिलेले मूल : दत्तकाचा प्रवास, राजवाड्यापासून विमानतळापर्यंत

१/
मराठी इतिहासात 'दत्तक' हा शब्द वारंवार भेटतो, पण बहुधा तो गादीला जोडून येतो. सातारा, झाशी, बडोदे, कोल्हापूर ही नावे आपण शाळेतच पाठ केली. आजच्या धाग्यातील दत्तकाला गादी नाही. समुद्र ओलांडून आलेले आईबाप, संस्थेच्या पाळण्यातले मूल आणि त्यांची एकमेकांशी होणारी पहिली ओळख हा आजचा विषय. गादीपासून पाळण्यापर्यंतचा हा बदल कसा घडला, आणि जव्हार तालुक्यातील वांगणी या गावाचा त्याच्याशी काय संबंध, हे क्रमाने पाहू.

२/
आरंभ जुन्या व्यवस्थेपासून करू. धर्मशास्त्राच्या दृष्टीने पुत्र हवा तो पिंडदानासाठी आणि वंश पुढे चालावा म्हणून. या विषयावर नंदपंडितांचा 'दत्तकमीमांसा' हा ग्रंथ प्रमाण मानला गेला. पश्चिम भारतात नीलकंठभट्टांच्या 'व्यवहारमयूखा'चा अधिकार मोठा. दोघेही सतराव्या शतकातले. आपल्या मुंबई इलाख्याचे दोन विशेष होते. विधवेला पतीच्या स्पष्ट आज्ञेशिवायही दत्तक घेता येई, आणि दत्तकाच्या वयाला मर्यादा नव्हती. लग्न झालेला, मुलेबाळे असलेला पुरुषही दत्तक जाऊ शके. मुलीचा विचार मात्र व्यवहारात कोणी करत नसे.

३/
या दत्तकाला राजकीय मोल होते, म्हणूनच इंग्रजांनी नेमका त्यावर घाव घातला. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून सातारा खालसा झाले. झाशीच्या गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी दत्तक घेतला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी झाशीही गेली. सत्तावन्नच्या उठावानंतर सरकारला चूक उमगली आणि १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंग यांनी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या.

४/
या सनदांनंतरचे दोन दत्तक सर्वांना ठाऊक आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा सुमारे बारा वर्षांचा गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्यास नेला गेला. महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले आणि तो सयाजीराव झाला. १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. दोघांनीही प्रजेचे भले केले यात शंका नाही. तरी दत्तकाची दिशा लक्षात घ्यावी. घराण्याला वारस हवा होता, म्हणून मूल आणले गेले. मुलाला घर हवे आहे, म्हणून कोणी घर शोधत नव्हते.

५/
ही दिशा पहिल्यांदा उलटी फिरली ती पुण्यात. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्या काळी उच्चवर्णीय विधवेला पुनर्विवाह नाही, आणि गर्भ राहिला तर समाजात जागा नाही. मग मूल मारणे किंवा स्वतः मरणे, एवढेच मार्ग उरत. फुले दांपत्याने अशा स्त्रियांना आपल्याकडे येऊन निर्धास्त बाळंत होण्याचे आवाहन केले. मूल ठेवायचे की घेऊन जायचे, हे त्या मातेने ठरवावे. १८७४ मध्ये काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा तेथे बाळंत झाली.

६/
तिचा मुलगा फुल्यांनी दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. येथे गादी नव्हती, कुळ जुळत नव्हते, जात जुळत नव्हती. जोतीरावांनी १८८७ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात हाच मुलगा वारस आहे. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करतानाच सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्या गेल्या. रक्ताचे नाते नसलेल्या या आई आणि मुलाचे अखेरचे काम एकाच दवाखान्यात, एकमेकांच्या शेजारी उभे राहून झाले.

७/
१८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाशी निगडित मंडळींनी बालकाश्रम उभारला. तीर्थक्षेत्री येऊन गुपचूप बाळंत होणाऱ्या आणि मूल सोडून जाणाऱ्या विधवा हे त्याचे कारण. पुढे मुंबई-पुण्यात अशा संस्था वाढत गेल्या. मुले जगू लागली, हे मोठेच काम झाले. परंतु पाळण्यात जगलेल्या मुलाला पुढे आईबाप कसे मिळावेत, याचे उत्तर संस्थेकडे नव्हते, कारण ते कायद्यातच नव्हते. अनाथ मुलाचे गोत्र कोणते, ते 'देणार' कोण, या प्रश्नांपाशी शास्त्र आणि न्यायालय दोन्ही अडत.

८/
कोंडी फोडली १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने. मुलगी दत्तक घेणे कायदेशीर झाले. अविवाहित, विधवा वा घटस्फोटित स्त्रीला स्वतःच्या नावाने दत्तक घेता येऊ लागले. रूढी वेगळी नसेल तर मूल पंधरा वर्षांच्या आतले आणि अविवाहित असावे, असे ठरले. एक बारीक कलम मला फार बोलके वाटते. दत्तहोम आवश्यक नाही. आवश्यक आहे ते प्रत्यक्ष देणे आणि घेणे. म्हणजे एकाने मूल हातात द्यावे आणि दुसऱ्याने ते घ्यावे. ओटीत मूल घालण्याचा आपला जुना विधी कायद्याने मूळ गाभ्यासह टिकवला.

९/
तरी दोन उणिवा राहिल्या. पहिली, टाकून दिलेले मूल 'देणार' कोण? १९६२ च्या दुरुस्तीने ती दूर झाली. आईबाप अज्ञात असल्यास किंवा त्यांनी मूल टाकले असल्यास, न्यायालयाच्या परवानगीने पालकाला, म्हणजे व्यवहारात संस्थेच्या प्रमुखालाही, मूल दत्तक देता येऊ लागले. दुसरी उणीव अधिक काळ टिकली. कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरताच होता. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी, यहुदी यांना आणि परदेशी दांपत्यांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचाच आधार होता.

१०/
त्या कायद्याने मूल 'आपले' होत नसे. न्यायालय फक्त पालकत्व देई. परदेशी जोडपे जिल्हा न्यायालयातून किंवा उच्च न्यायालयातून पालकत्वाचा आदेश मिळवी, मूल आपल्या देशात नेई आणि तेथील कायद्याने दत्तकविधान पूर्ण करी. मुंबईहून विमानात बसणारे मूल कायद्याने अजून पाल्यच असे. आईबाप मिळण्याची कायदेशीर घटका हजारो मैलांवर, वेगळ्या भाषेतल्या न्यायालयात येई.

११/
परदेशी माणसे येथवर का येऊ लागली? कोरियन युद्धानंतर तेथील अनाथ मुले अमेरिकेत दत्तक जाऊ लागली आणि देशांतरीय दत्तकाची वाट पडली. पुढे पश्चिमेत संततिनियमन रुळले, गर्भपाताला मान्यता मिळाली, एकट्या मातेला सरकारी आधार मिळू लागला. परिणामी तेथे दत्तकासाठी येणारी बालके घटली. स्वीडन, नेदरलँड्स, डेन्मार्क, अमेरिका येथील निपुत्रिक दांपत्ये आशियाकडे पाहू लागली. भारतातील संस्थांचे पाळणे तर भरलेले होते. सत्तरच्या दशकात पुणे आणि मुंबई ही या प्रवासाची मोठी ठिकाणे झाली.

१२/
प्रवास नेहमी आईबापच करत असे नाही. अनेक मुले सोबत्याच्या हाती पाठवली जात. कोणी स्वयंसेवक दोन-तीन बालके घेऊन विमानात बसे, आणि समोरच्या विमानतळावर छायाचित्र हातात धरून दांपत्य उभे असे. काही तासांत मुलाची भाषा, हवा, दुधाची चव, अंगाखांद्यावर खेळवणारे हात, सारेच बदले. आईबाप स्वतः आले तर निदान मूल ज्या घरातून निघाले ते घर त्यांनी पाहिलेले असे. या फरकाचे महत्त्व पुढे पाहू.

१३/
आता एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. १३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात एक मुलगी जन्मली. जन्मदात्यांना तिला वाढवणे शक्य नव्हते. ती ससून रुग्णालयाशी संलग्न 'श्रीवत्स' या बालसंगोपन केंद्रात आली. तेथे तिचे नाव लैला होते. त्याच सुमारास अमेरिकेतील मिशिगनमध्ये राहणारे एक दांपत्य भारतात आले होते. पती हरेन स्थळेकर मूळचे मुंबईचे, पत्नी सू इंग्रज. त्यांनी आधीच एक मुलगी भारतातून दत्तक घेतली होती आणि आता त्यांना मुलगा हवा होता.

१४/
मुलगा मिळाला नाही. परतीची वेळ जवळ आली असताना ते श्रीवत्समध्ये गेले. तेथे त्या बालिकेच्या मोठ्या तपकिरी डोळ्यांनी आईचे मन वेधले, असे ती मुलगी पुढे मुलाखतींत सांगत आली. ती तीन आठवड्यांची असताना स्थळेकरांची झाली. अमेरिका, मग केनिया आणि ती चार वर्षांची असताना सिडनी, असा कुटुंबाचा प्रवास झाला. मुंबईकर बापाने घरामागच्या अंगणात तिच्या हाती बॅट दिली. ही लिसा स्थळेकर.

१५/
एकदिवसीय सामन्यांत एक हजार धावा आणि शंभर बळी, अशी दुहेरी कामगिरी करणारी ती पहिली महिला क्रिकेटपटू. ऑस्ट्रेलियाच्या २००५ आणि २०१३ च्या विश्वविजेत्या संघांत ती होती. २०१३ चा अंतिम सामना १७ फेब्रुवारी रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाला. विश्वचषक जिंकून तिने निवृत्ती जाहीर केली ती बापाच्या शहरात, आपल्या जन्मगावापासून काही तासांच्या अंतरावर. प्रौढपणी तिने श्रीवत्सलाही भेट दिली.

१६/
ही कथा समाजमाध्यमांवर दरवर्षी फिरते आणि प्रत्येक फेरीत तिच्यात थोडे मीठमसाले वाढते. निष्ठुर आईबाप, कचऱ्यात टाकलेले मूल, नियतीचा सूड, असे सारे त्यात येते. वाचकांनी सावध असावे. सुरक्षित ठिकाणी मूल सोपवणे आणि मूल फेकणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ज्या स्त्रीने आपले मूल जगावे म्हणून संस्थेचा उंबरा चढला, तिला दूषण देण्याचा अधिकार आपल्याला नाही. फुल्यांनी दीडशे वर्षांपूर्वी दिलेला धडा हाच होता.

१७/
मात्र सगळ्याच कथा अशा उजळ नव्हत्या. परदेशी पैसा आला तसे दलालही आले. खोटी कागदपत्रे, आईच्या पुरत्या संमतीशिवाय नेलेली मुले, प्रवासातील हेळसांड, अशा तक्रारी वाढल्या. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने पत्रालाच १९८२ मध्ये याचिका मानले आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्या. पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. भारतातील देशांतरीय दत्तकाची पायाभरणी या निकालाने झाली.

१८/
निकालाचा गाभा असा. मुलाचे हित सर्वांत आधी. प्रथम भारतीय कुटुंब शोधावे. न मिळाल्यास परदेशी. परदेशी दांपत्याचा अर्ज त्यांच्या देशातील मान्यताप्राप्त संस्थेमार्फत आणि गृहभेटीच्या अहवालासह यावा. भारतीय संस्थेने प्रत्यक्ष खर्चापलीकडे पैसा घेऊ नये. जन्मदात्या आईला फेरविचारासाठी वेळ मिळावा आणि प्रसूतीपूर्वीच तिच्याकडून संमती घेऊ नये. शक्यतो मूल तीन वर्षांचे होण्याआधी नव्या घरी जावे, म्हणजे ते तेथे सहज रुजेल.

१९/
पुढची वाट वेगाने सांगतो. १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संस्था, म्हणजे 'कारा', स्थापन झाली. १९९३ मध्ये हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला. बाल न्याय कायद्याने दत्तकाची वाट सर्व धर्मीयांना मोकळी केली आणि २०१४ मध्ये शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तिला दुजोरा दिला. २०१५ च्या नव्या कायद्यानंतर सारे अर्ज एकाच संकेतस्थळावर आले. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

२०/
आज शिकागोत वा लंडनमध्ये राहणारे मराठी दांपत्य मूल दत्तक घेऊ पाहते तेव्हा त्याला बहुतेक काळ प्रतीक्षाच करावी लागते. तेथील संस्थेची गृहभेट, उत्पन्न, आरोग्य, पोलिसांचा दाखला, मग नोंदणी आणि क्रमाची वाट पाहणे. मुलाची माहिती व छायाचित्र आले की ठराविक मुदतीत होकार. त्यानंतर काराचे ना-हरकत पत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, नवा जन्मदाखला, पारपत्र, व्हिसा. आता मुलाला न्यायला आईबापांनी स्वतः यावे लागते. सोबत्याच्या हाती मूल पाठवण्याचे दिवस संपले.

२१/
हा नियम का, याचे उत्तर बालमानसशास्त्राच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धाने युरोपात असंख्य मुले घराबाहेर फेकली. १९५१ मध्ये जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. त्याचा निष्कर्ष असा, की अन्न आणि स्वच्छता मिळूनही, एका व्यक्तीची सातत्याची ऊब नसेल तर मूल आतून खुरटते. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी पुढे युगांडातील खेड्यांत माता आणि तान्ह्यांचा अभ्यास करून, ही ओढ रोजच्या लहानसहान प्रतिसादांतून कशी विणली जाते, ते दाखवले.

२२/
आता संस्थेतल्या त्या खोलीची कल्पना करा. दीड वर्षाचे मूल. त्याच्या लेखी आई म्हणजे त्याला भरवणारी मावशी. समोर दोन अनोळखी माणसे, वेगळा वास, वेगळा आवाज. मूल रडते, तोंड फिरवते, मावशीच्या पदराला बिलगते. नव्या आईच्या काळजाला ते लागते. परंतु जाणते कार्यकर्ते सांगतात की हे शुभचिन्ह आहे. ज्याला एकदा जीव लावता आला, त्याला पुन्हा लावता येईल. जे मूल कोणाच्याही कडेवर निमूट जाते, त्याची चिंता अधिक.

२३/
म्हणून घाई करायची नाही. आईबापांनी काही दिवस संस्थेजवळ राहावे. पहिल्या दिवशी नुसते शेजारी बसावे. मग मावशीच्या उपस्थितीत दोन घास वरणभात भरवावा. तिने कसे थोपटते, कोणते अंगाईगीत गुणगुणते, आंघोळीचे पाणी किती कोमट घेते, ते शिकून घ्यावे. निघताना मुलाची न धुतलेली दुपटी बरोबर न्यावीत, म्हणजे परक्या देशातही ओळखीचा वास उशाशी राहील. आणि आईबापांच्या मनात पहिल्या क्षणीच माया दाटून आली नाही, तर त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. तीही रोजच्या भरवण्या-थोपटण्यातून येते.

२४/
आता वांगणीकडे. कर्जत मार्गावरचे रेल्वे स्थानक नव्हे. जव्हार तालुक्यातले, ज्याचे नाव वावर-वांगणी असे जोडीने घेतले जाते ते. १९९२-९३ मध्ये, हा भाग ठाणे जिल्ह्यात असताना, येथे कुपोषणाने शंभराहून अधिक बालके दगावली. राज्य हादरले, मंत्री आले, जव्हार-मोखाड्याचे नाव देशभर गेले. डोंगरउतारावरची नाचणी-वरईची शेती, पावसाळ्यात रिकाम्या कणग्या, तुटलेले रस्ते, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे स्थलांतर, आणि अशक्त देहावर पडणारा गोवर, अतिसार, न्यूमोनिया. मरण एका रोगाचे नव्हते.

२५/
या मुलांना आईबाप होते. त्यांना दत्तक जाण्याची गरज नव्हती. गरज होती ती अन्नाची, डॉक्टरची आणि पावसात न वाहून जाणाऱ्या रस्त्याची. 'तिथली मुले परदेशी का देत नाहीत, सुखात तरी राहतील' असे बोलणारे तेव्हा होते आणि आजही भेटतात. त्यांना हेग कराराची प्रस्तावना दाखवावी. मूल आपल्या जन्मकुटुंबातच राहावे यासाठी शासनाने आधी प्रयत्न करावेत, असे ती सांगते. देशांतरीय दत्तक हा शेवटचा मार्ग आहे. गरिबी हे मूल काढून घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

२६/
याच जिल्ह्याने त्याचा पर्यायही दाखवला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांच्या अंगणात बालवाडी नेली. 'अंगणवाडी' ही कल्पना तेथली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि तो शब्द देशभर पोहोचला. २०१५ मध्ये महाराष्ट्राने आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देण्याची अमृत आहार योजना सुरू केली. तरीही पावसाळा आला की जव्हार-मोखाड्याच्या बातम्या पुन्हा येतात. काम अपुरे आहे.

२७/
दूर गेलेली मुले आता प्रौढ झाली आहेत आणि प्रश्न विचारत आहेत. माझे कागद खरे होते का? आईने खरोखर संमती दिली होती का? त्यांच्या रेट्यामुळे नेदरलँड्सने २०२१ मध्ये देशांतरीय दत्तक स्थगित केले, आणि २०२४ मध्ये डेन्मार्कमधील एकमेव दत्तक संस्थेने काम थांबवले. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने २०२५ मध्ये गैरव्यवहारांची कबुली नोंदवली. भारताच्या नियमांत दत्तक व्यक्तीला आपल्या मुळांचा शोध घेण्याची सोय आहे. मात्र जन्मदात्या आईचे नाव तिच्या संमतीविना उघड होत नाही. एकाच्या शोधाचा आणि दुसरीच्या गुपिताचा, दोन्हींचा मान राखणे अवघड, पण आवश्यक.

२८/
शेवटी व्यवहाराच्या तीन गोष्टी. एक, मूल सांभाळणे अशक्य झाले तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जावे. आईला फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात. संकटातील बालकासाठी १०९८ हा क्रमांक आहे. दोन, टाकलेले मूल रुग्णालयातून किंवा कोणा मध्यस्थाकडून मुद्रांकावर लिहून घेणे हा दत्तक नव्हे. तो गुन्हा आहे आणि मुलाची विक्री तर त्याहून गंभीर. तीन, दत्तक घ्यायचे असेल तर काराच्या संकेतस्थळावर नोंदणी करून क्रमाची वाट पाहावी.

२९/
कवळाण्याचा गोपाळराव, पुण्याचा यशवंत, श्रीवत्समधली लैला आणि वांगणीची ती मुले यांना एका धाग्यात ओवण्याचे कारण एवढेच. मूल कोणासाठी, हा प्रश्न प्रत्येक पिढीने आपापल्या परीने सोडवला. घराण्यासाठी, असे आपण शतकानुशतके म्हणत आलो. मुलासाठी घर, असे म्हणू लागून अवघी दीडशे वर्षे झाली, आणि ते घर शक्यतो त्याचे स्वतःचेच असावे, हे तर आपण अजून शिकतो आहोत. आपल्या भागातील जुन्या बालकाश्रमांची, दत्तकपत्रांची किंवा अंगणवाड्यांची माहिती असल्यास अवश्य लिहावी. व्यक्तींची नावे मात्र टाळावीत. धागा समाप्त.